वन्संच्या भाकरीतलं सपीट

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरांना नाही. देवापुढं बसते तेव्हासुद्धा हे एवढं सोडून बाकीचं सगळं बोलते. मग तुम्हालाच का? तुम्ही माझे कुणी लागत नाही म्हणून. फक्त ऐका. मधे बोलू नका, आणि 'जाऊ द्या हो बाई, झालं ते झालं' असं तर मुळीच म्हणू नका— त्या शब्दांनी माझ्या डोक्यात तिडीक जाते.

मी तापट बाई. आमच्या बेटावर कुणालाही विचारा, सांगतील. बांधावरून, शेळीवरून, पाण्याच्या पाळीवरून, कशावरूनही भांडेन. पण तोंडावर बोलेन आणि मोकळी होईन. 'हिच्या पोटात काही राहत नाही' असं सासूबाई म्हणायच्या आणि त्यात कौतुकही असायचं. आता मी जे सांगणार आहे ते मात्र पोटात राहिलंय. इतकं मुरलंय की बाहेर काढताना कुठून धरावं तेच कळत नाही.

आधी बेटाचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. गोदावरी आमच्याकडं दोन अंगांनी फुटते आणि खाली जाऊन परत एक होते. मधे जी जमीन राहते ते आमचं बेट. वीसेक उंबरे, सगळी भाऊबंदकी. उन्हाळ्यात एका अंगानं चालत जाता यायचं, पण पावसाळ्यापासून दिवाळी उलटेपर्यंत होडीशिवाय गत नव्हती. दवाखाना त्या काठाला, गिरणी त्या काठाला, एस.टी. त्या काठाला. बेटावर होता तो गाळ, आणि गाळात यायचा गहू. नगर जिल्ह्यात इतरांच्या घरी पोळी सणाला दिसायची, आमच्याकडं पाहुणा आला की दिसायची. पाहुण्याच्या ताटात भाकरी वाढणं म्हणजे त्याला दारातून हाकलणं. आणि माहेरवाशीण आली तर काय बोलायलाच नको— तिला घरोघर जेवायचं आवतण, रोज एक घर, आणि प्रत्येक घरात पोळी, लापशी, खीर, कुरडई. सगळा गहूच गहू.

त्या बेटावर आमच्या वन्सं दिवाळीच्या सुट्टीला आल्या, आणि त्यांना गहू वर्ज्य.

वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद, कुसुम. आमच्या ह्यांची एकुलती एक बहीण. नगरला दिलेली, जावई सरकारी कचेरीत. ही गोष्ट बहात्तरचा मोठा दुष्काळ पडायच्या आदल्या दिवाळीची. लग्नाला बरीच वर्षं झालेली, दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले. अंगावर मांस नाही, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, सारखी परसाकडं पळायची, केस विंचरले की फणीत पुंजका. सगळ्यांचे अंगारे-धुपारे झाल्यावर जावयांनी तिला पुण्याला एका मोठ्या डॉक्टरला दाखवलं. त्यानं सांगितलं— हिच्या आतड्याला गहू सोसत नाही. पोळी नाही, रवा नाही, मैदा नाही, गव्हाचा कणसुद्धा पोटात जाता कामा नये. वर्षभर हे पाळलं तर अंग धरेल, आणि मग मूलही राहील.

कुणाचा विश्वास बसेल असल्या बोलण्यावर? गव्हानं कधी कुणाचं वाईट झालंय का? तिच्या सासूला तर ही सगळी नाटकं वाटायची. पण जावयांनी हट्टानं गहू बंद केला, आणि दिवाळीला ती होडीतून उतरली तेव्हा मी बघतच राहिले. गाल भरलेले. बांगड्या मनगटावर बसलेल्या. चेहऱ्यावर तुकतुकी. होडीतून उतरल्या उतरल्या माझ्या गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "वहिनी, आता हुईल बघा माझं." सासूबाईंनी त्याच दिवशी मला बोलावून सांगितलं, "माझ्या लेकीची कूस तुझ्या हातात हाय. तिच्या तोंडात काय जातंय ते तू बघायचं."

आणि मी बघितलं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढं जे केलं ते नीट कळावं म्हणून सांगते. मला किती माहीत होतं, ते कळायला हवं ना? ज्वारीचं दळण मी स्वतः होडीतून घेऊन जायचे. आधी गहू दळला गेला असेल तर जात्याच्या दगडात तो राहतोच, म्हणून मी गिरणीत बसून राहायचे. दुसऱ्या कुणाची बाजरी-ज्वारी पुढं जाऊ द्यायची, मगच माझं दळण घालायचे. गिरणीवाला वैतागायचा. हिंगात कणीक असते हे मला वाण्याच्या बायकोनं सांगितलं, त्या दिवसापासून वन्संच्या आमटीतून हिंग गेला. पोळीचा तवा वेगळा, भाकरीचा वेगळा. आवतणाला जाताना मी माझा तवा, माझी परात आणि पिठाची पिशवी घेऊन जायचे, आणि त्या घरच्या चुलीवर वन्संची भाकरी मीच थापायचे. बाया हसायच्या— आली बघा, संसार डोक्यावर घेऊन आली! हसू द्या. 'एका घासानं काय हुतंय' म्हणत ताटात पोळीचा तुकडा सारणाऱ्या एका चुलत सासूचा हात मी भर पंगतीत धरला होता. म्हातारी नंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. वन्सं मात्र म्हणायची, वहिनी वाढेल ते मी डोळे मिटून खाते.

डोळे मिटून.

आता माझ्या बहिणीचं सांगते. मंदा. माझ्यापेक्षा बरीच लहान, मी तिला कडेवर घेऊन वाढवलेलं. रंगानं उजळ, हसरी, हाताला चव. तिला एक चांगलं स्थळ आलं होतं— वन्संच्या सासरच्या नात्यातलं, त्यांचा चुलत दीर, शिकलेला मुलगा. पसंती झाली, सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. आणि एक दिवस निरोप आला की जमत नाही. का? काही नाही. माझा बाप दोनदा जाऊन आला, त्याला ओसरीवरूनच चहा पाजून परत पाठवलं. मग हळूहळू दुसरीकडूनही कुणी येईना. आलं तर माझ्या आईच्या पायाकडं बघायचं आणि उठून जायचं. कुजबुज व्हायला लागली— ह्या घरात कोड आहे.

कोड! माझ्या आईच्या पावलावर पांढरा डाग होता, खरं आहे. ती लहान असताना गुऱ्हाळावर उकळती काकवी पायावर सांडली होती, त्याचा तो भाजल्याचा डाग. साऱ्या गावानं तिला तेव्हा खाटेवर पडलेलं बघितलं होतं. पण मुलगी बघायला आलेल्यांना हे कोण सांगणार, आणि सांगितलं तरी ते कशाला मानणार? शेवटी मंदाला मिरजगावच्या अंगाला दिली. कोरडवाहू रान, दोन लेकरांचा बाप, वयानं दुप्पट, आणि हात उचलणारा. त्या वर्षी श्रावणात माहेरी आली तेव्हा तिची पाठ मी चोळून दिली होती. काय बघितलं ते सांगत नाही. दिवाळीला त्यानं तिला पाठवलीच नाही.

हे सगळं उरात घेऊन मी वन्संच्या भाकऱ्या थापत होते. तिचा याच्याशी काही संबंध असेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

त्या दिवशी आवतण होतं रखमाकाकूंकडं. शेजारचंच घर. काकूंची पोरगी लग्नाची होती, म्हणून ओसरीवर बायकांत सोयरिकीच्या गप्पा चाललेल्या. मी आत चुलीपुढं. मधे नुसती कुडाची भिंत. वन्सं बाहेर पाय पसरून बसलेली, आवाज खुललेला— तब्येत सुधारल्यापासून ती फार बोलायची. काकूंना शहाणपण शिकवत होती. म्हणाली, "काकू, घराणं नीट बघून घ्या बरं का. आमच्या चुलत दिराला एक पोरगी सांगून आल्ती. मी नुसतं एवढंच म्हटलं, आईच्या पायावर पांढरं हाय, पुढचं तुमचं तुमी बघा. मोडलीच की दुसऱ्या दिवशी!" काकूंनी विचारलं, "खरंच कोड हुतं?" वन्सं हसली. हसली हो! म्हणाली, "कोड कसलं, भाजलेलं हुतं. पर आमच्या जाऊबाईंची बहीण द्यायची हुती त्या मुलाला. मग काय करणार?"

भाजलेलं होतं हे तिला कसं माहीत होतं? मीच सांगितलं होतं. ती नवीन लग्न होऊन माहेरी आली होती, आम्ही दोघी गोधडी शिवत बसलो होतो, तेव्हा गुऱ्हाळाची ती गोष्ट मी माझ्या तोंडानं तिला सांगितली होती.

हातातला उंडा परातीत पडला. तव्यावरची भाकरी करपली, तिचा वास बाहेर गेला, तेव्हा ओसरीवर एकदम चिडीचूप झालं. मी आत आहे हे तिला तेव्हा आठवलं असेल का? की ती मुलगी माझी बहीण होती हेच विसरली होती? मला वाटतं, विसरलीच होती. कारण थोड्या वेळानं आत डोकावली, ताट घेऊन समोर बसली आणि काय विचारावं तिनं? "तुमच्या मंदाचं बरं चाललंय ना हो? औंदा दिवाळीला आली न्हाई?"

मी काय केलं? माझ्यासारख्या बाईनं काय करायला हवं होतं? पदर खोचून उठायला हवं होतं. तिच्या झिंज्या धरून तिला ओसरीवर न्यायला हवं होतं, सगळ्या भाऊबंदांसमोर वदवून घ्यायला हवं होतं. मी म्हणाले, "बरं चाललंय." आणि तिच्या ताटात भाकरी वाढली. कारण भांडण झालं की ते संपतं, रडारड होते, थोरलं कुणीतरी मधे पडतं, आणि संध्याकाळी परत एकाच चुलीवर चहा उकळतो. मला ते संपवायचं नव्हतं.

सपीट म्हणजे काय, नव्या मुलींना ठाऊक नसेल. पुरणपोळीसाठी गव्हाचं पीठ फडक्यातून गाळून घेतात, ते अगदी पांढरंशुभ्र पीठ. आमच्या घरी दिवाळीसाठी डबा भरून काढलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई तुळशीपुढं होत्या, घरात कुणी नव्हतं. मी तो डबा काढला. वन्संच्या ज्वारीच्या पिशवीत दोन मुठी सपीट टाकलं. थांबले. आणखी दोन टाकल्या. मग हात कोपरापर्यंत घालून नीट कालवलं— गुठळी राहू नये म्हणून. बघा, एवढी काळजी. रागाच्या भरात झालं असं म्हणायची मला सोय नाही. राग रात्रीत थंड झाला होता, आणि थंड झाल्यावरच मी ते केलं.

पांढऱ्यात पांढरं. कुणाला दिसणार? दळण थोडं शिळं झालं होतं, पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली होती, थापताना कडेला चिरा पडायच्या. सपीट घातल्यावर भाकरी अशी गरगर फिरायला लागली, चंद्रासारखी गोल, टम्म फुगलेली. वन्सं पहिला तुकडा मोडून म्हणाली, "अगंबाई, वहिनी, आज काय मऊसूत झालीय हो भाकरी!" आणि अजून एक मागून घेतली. मी दिली. वर तूपही घातलं.

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, ह्या डॉक्टरनं उगाच थापा मारल्या. मी आणखी एक मूठ वाढवली. मग झालं. पोटात मुरडा, जुलाब, ओकाऱ्या. परसाकडून येऊन ती भिंतीला धरून उभी राहायची, पाय लटलट कापायचे. गालांवरची तुकतुकी गेली. सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. मी तिला भाताची पेज पाजायचे, तिचे कपडे धुवायचे, तिच्या पायांना तेल चोळायचे. आणि पेज पचली की परत भाकरी करायचे. त्याच पिशवीतली.

मला काय वाटत होतं? खोटं कशाला बोलू— आनंद होत होता. ती कण्हायला लागली की मी मनात म्हणायचे, हं, आता पांढरं काय असतं ते बघ. मंदा पाठीवर झोपू शकत नाही, तू पोटावर झोपू नकोस. माझ्या आईला पाय झाकून घ्यायला लावलेस, आता तू तोंड झाकून रड. असं मनात बोलत मी तिच्या कपाळावरून हात फिरवत होते, आणि ती माझा हात धरून ठेवायची. एकदा म्हणाली, "तुमी एवढं जपता, तरी कसं झालं हो वहिनी?" मी म्हटलं, "नजर लागली असंल." तिची नजरही काढली. मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या.

पण ऐका. अजून मी खरं सांगितलेलंच नाही. हे सगळं जे सांगितलं, ते वाईटच. पण कदाचित तुम्ही म्हणाल, बाईनं सूड घेतला, आठ दिवस पोट बिघडवलं, फिट्टंफाट झाली. मीही तेवढंच ठरवलं होतं. तिनं चार दिवस भोगावं, आणि मग मी पिशवी बदलावी. मला तिचं मूल मारायचं नव्हतं. मुलाचा विचारच माझ्या डोक्यात नव्हता.

जावई तिला न्यायला आले. तिची ती अवस्था बघून ओसरीवर डोक्याला हात लावून बसले. सासूबाई रडत म्हणाल्या की गव्हाचा कण जाऊ दिला नाही हो, सूनबाई तवा घेऊन घरोघर फिरली. मी चहाचा कप घेऊन उंबऱ्यात उभी होते. जावई म्हणाले, "म्हणजे गव्हाचा काही संबंधच नाही. आई म्हणत होती तेच खरं. पुण्याच्या त्या माणसानं आम्हाला वेड्यात काढलं." आमचे हे मान हलवत होते. वन्सं आतून ऐकत होती, आणि तिच्या तोंडावर जे आलं ते मी बघितलं. ती डॉक्टरवर चिडली नाही. तिच्या हातात एवढंच एक होतं, आणि तेही गेलं.

तेव्हा एक वाक्य पुरे होतं. 'पिठात गहू होता.' चार शब्दही नाहीत. मीच घातला असं म्हणायचीसुद्धा गरज नव्हती. गिरणीत मिसळला असेल, पिशवी बदलली असेल, काहीही म्हणता आलं असतं, आणि कुणी माझ्यावर संशय घेतला नसता. त्या एका वाक्यानं तिचा डॉक्टर खरा ठरला असता. मला हे त्याच क्षणी कळलं होतं. नंतर कळलं असं म्हणू का? नाही म्हणणार. चहाचा कप माझ्या हातात होता, चहा अजून गरम होता, आणि मला सगळं लख्ख कळलं होतं. तिनंही असंच एक वाक्य बोलून माझ्या मंदाचं वाटोळं केलं होतं ना? मी काहीच बोलणार नव्हते. मी जावयांच्या हातात कप दिला आणि साखर बरोबर आहे का विचारलं.

त्याच दुपारी त्यांनी तिला पोळी खायला लावली. 'आता काहीही पाळायचं नाही.' सासूबाईंनी शिदोरीत करंज्या बांधल्या. होडी सुटली तेव्हा ती करंजी खात होती. अडीच-तीन महिन्यांत गोडाधोडाचा घास खाल्ला नव्हता बिचारीनं, चव घेऊन खात होती, आणि मला हात हलवत होती.

पुढं दुष्काळ आला. ज्वारी कुठं दिसेना, नगरला रेशनवर मिळेल तो गहू लोक रांगा लावून घ्यायचे. तिनं तोच खाल्ला. तिसऱ्यांदा दिवस राहिले आणि गेले. चौथ्यांदा काही झालंच नाही. सासूनं तिला हळदी-कुंकवाला पुढं यायची बंदी केली. जावई माणूस वाईट नव्हता, पण किती दिवस टिकणार? त्यांनी गावात दुसरं घर केलं, तिथं दोन मुलं झाली. वन्सं पुढच्या खोलीत राहायची, काडीसारखी, दुसऱ्यांच्या पोरांचे स्वेटर विणायची. दर भाऊबीजेला बेटावर यायची. मी तिला पोळ्या करून वाढायचे. तिच्या डॉक्टरचं नाव घरात कुणी काढत नसे.

आणि मंदा? मंदा तिकडं सासरीच वारली. फार उशिरा नाही. तिला मी हे कधी सांगितलं नाही. कितीदा वाटलं सांगावं— तुझा बदला घेतला गं बाई, तुझ्यासाठी घेतला! पण मंदाला मी ओळखत होते. ती मला म्हणाली असती, त्या पोटातल्या लेकराचं काय चुकलं होतं? तेव्हा तिच्यासाठी घेतला हेही खरं नाही. माझ्यासाठी घेतला. गोधडी शिवताना माझ्या तोंडून निघालेल्या गोष्टीचा तिनं सुरा केला, हे मला सोसलं नाही.

पश्चात्ताप होतो का, असं तुमच्या मनात आलं असेल. होतो. आणि होत नाही. तिचं हसणं आठवलं— कोड कसलं, भाजलेलं हुतं— की अजून माझ्या मुठी वळतात. म्हातारपणी माणूस निवळतो म्हणतात. मी काही निवळले नाही.

आता बेटाला पूल झालाय. मागच्या भाऊबीजेला वन्सं रिक्षानं थेट दारात उतरली, आणि मला परत तसाच धक्का बसला. गाल भरलेले. सत्तरीच्या घरातली बाई, पण तोंडावर तुकतुकी. नगरला कुणी तरुण डॉक्टरीण भेटली होती, तिनं रक्त तपासलं आणि सांगितलं, आजी, तुम्हाला गहू चालत नाही, जन्मात कधी चालला नसणार. गहू सोडून तिला काही महिने झाले होते. मी चुलीवर भाकरी टाकली, हल्ली गॅस असला तरी भाकरीला चूल पेटवते. ज्वारी निवडलेली, दळण घरच्या चक्कीचं. ती समोर पाटावर बसली, तुकडा मोडला, आणि मधेच थांबली.

"वहिनी, म्हंजी त्या पुण्याच्या डॉक्टरचं खरं हुतं की. गहूच हुता." मी तव्याकडं बघत होते. "मग त्या दिवाळीला मला काय झालं हुतं हो? तुमी तर कणसुद्धा जाऊ दिला न्हवता."

घरात आम्ही दोघीच होतो. आमचे हे गेले, सासूबाई गेल्या, जावई गेले. कुणाची भीती राहिली नव्हती, कुणाचं काही मोडणार नव्हतं. ती माझ्या तोंडाकडं बघत वाट पाहत होती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, सगळा जन्म त्या एका गोष्टीवर अडला होता तिचा. आणि मला गुऱ्हाळाची गोष्ट आठवली, ओसरीवरचं हसणं आठवलं.

मी म्हणाले, "नदीचं पाणी बाधलं असंल."

"असंल," ती म्हणाली. मग तिनं ताट पुढं केलं आणि अजून अर्धी मागितली. मी वाढली. जेवून तिनं हात धुतला, पदराला पुसला, आणि निघताना वाकली— वय झालंय, गुडघे दुखतात, तरी पूर्ण वाकली— आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मला म्हणाली, "तुमच्याइतकं मला कुणी जपलं न्हाई."

मी पाय मागं घेतले नाहीत.